बंदिशाळेतली सतरंजी

नरकचतुर्दशीची पहाट आली की मला अजून आजीच्या हातचे उटणे आठवते. चारठाण्याच्या आमच्या जुन्या वाड्यात अंगणातल्या दगडी शिळेवर पाट मांडला जायचा. चुलवणावरच्या हंड्यातले कढत पाणी घंगाळात पडायचे आणि आम्ही पोरे थंडीने कुडकुडत एकेक करून पाटावर जाऊन बसायचो. अंघोळ उरकली की पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे. कारीट म्हणजे नरकासुर. त्याची कडू बी जिभेला लावली की आम्ही तोंडे वाकडी करायचो, आणि आजी हसत हसत गोष्ट सुरू करायची. नरकासुराने सोळा सहस्र नारी बंदिशाळेत कोंडल्या होत्या, श्रीकृष्णाने त्याला मारले आणि त्या सगळ्या जणी सोडवल्या.

एका वर्षी मी मधेच विचारले, "मग त्या बायका कुठं गेल्या?"

आजीचा हात थांबला. ती म्हणाली, "कुठं जाणार रे बाबा! तुरुंगात राहून आलेल्यांना घरात कोण घेणार? म्हणून देवानंच त्यांना आपल्या घरी नेलं."

"एवढ्या जणींना? केवढं मोठं घर असंल ते!"

आजी खळखळून हसली आणि तिने माझ्या डोक्यावर पाणी ओतले. त्या वेळी मला त्या घराच्या आकाराचेच कौतुक वाटले होते. सुटकेपेक्षा सुटून गेल्यावरचे घर ही अवघड गोष्ट असते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. आणि जेव्हा कळायला हवे होते, नेमके तेव्हाच ते कळले नाही.

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातले, जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. यादवांच्या काळातली देवळे, कोरीव दगडी बारवा आणि गावचा अभिमान असलेला तो उंच नक्षीदार स्तंभ पाहायला आता लांबलांबून अभ्यासक येतात. आम्हांला मात्र लहानपणी त्या देवळांचे काहीच अप्रूप नव्हते. गोकुळेश्वराच्या देवळात आम्ही लपंडाव खेळायचो आणि बारवेत पोहायला शिकायचो. मला पोहायला शिकवले ते आमच्या घरच्या सालगड्याने. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. गावात त्याचे नाव पुढे फार घेतले गेले, आणि ते चांगल्या कारणासाठी नव्हे. माझ्या कमरेला तो सोल बांधायचा, स्वतः पायरीवर उभा राहायचा आणि म्हणायचा, "धाकले मालक, मारा उडी. म्या हाय की वर." त्या 'म्या हाय की'वर विसंबून मी डोळे मिटून उडी मारीत असे.

पण त्याच्या आधी काकांविषयी सांगायला हवे, कारण आमच्या घराने तुरुंग प्रथम पाहिला तो काकांच्या डोळ्यांनी. 1947 साली देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या राज्यातच राहिला. स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्टला भारतात सामील होण्याचा दिवस पाळला. स्वातंत्र्याच्या दिवशीच स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आमच्या काकांनीही झेंडा लावला आणि ते औरंगाबादच्या तुरुंगात गेले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली आणि काका सुटून आले. मी पाच वर्षांचा असेन. मला आठवतो तो हलगीचा आवाज, गुलाल, आणि फाट्यापासून वाड्यापर्यंत लोकांच्या खांद्यावरून आलेले, दाढी वाढलेले काका. बायांनी घरोघरी ओवाळले. तुरुंगातली त्यांची जर्मनची थाळी आजीने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात मांडून ठेवली आणि पुढे दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा होऊ लागली.

काका स्वतः मात्र त्या थाळीकडे पाहून ओशाळत. ते सांगत, "तिथं मला ताप भरला तेव्हा रात्ररात्र पाणी कुणी पाजलं, ठाऊक आहे? दरोड्यात सापडलेल्या एका माणसानं. आम्ही राजबंदी, तो नुसता बंदी. मी सुटलो तेव्हा तो आतच होता. माझ्यासाठी हलगी वाजली. तो सुटला असेल तेव्हा त्याच्यासाठी दार तरी उघडलं असेल का रे?"

हा प्रश्न आम्ही काकांचा एक चाळा म्हणून सोडून देत असू.

पुढे मी शाळामास्तर झालो आणि इतिहास शिकवू लागलो. स्वातंत्र्याचा धडा शिकवताना तुरुंगांची नावे तीर्थक्षेत्रांसारखी घ्यावी लागत. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. येरवड्यात 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. मुलांना वाटे, तुरुंग म्हणजे थोर माणसांनी पुस्तके लिहिण्याची जागा! पण त्याच भिंतींआड हजारोंनी जी साधी माणसे होती, जी पुस्तके लिहीत नव्हती, दळण दळीत होती आणि सतरंज्या विणीत होती, त्यांच्याविषयी एकही धडा नव्हता. मीही तो कधी शिकवला नाही.

त्यांचा इतिहासही काही लहान नाही. जाणकार सांगतात की आपला 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्या भाषेत त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. आपल्याकडेही गुन्हेगाराचे पाय अडकवायच्या लाकडाला खोडा म्हणत, तो खोडावरूनच. म्हणजे दोन्ही भाषांना सुचले ते एकच, माणसाला लाकडात अडकवून ठेवायचे. पेशवाईत बंदिवानांना डोंगरी किल्ल्यांवर ठेवीत. इंग्रज आले आणि त्यांनी तुरुंगाच्या इमारती बांधल्या. येरवड्याचा तुरुंग 1871 चा. 1894 साली तुरुंगांचा कायदा झाला. त्यात कैद्याची भाकरी, बेडी, काम, शिक्षा, सगळे बारकाईने ठरवून दिले होते, पण सुटल्यावर त्याने काय करावे याचा विचार नव्हता. 1919-20 सालच्या तुरुंग समितीने प्रथम स्पष्ट म्हटले की, नुसती जरब बसवून भागणार नाही, माणूस सुधारून समाजात परत गेला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर, 1955 च्या दुरुस्तीने, काळ्या पाण्याची शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून गेली आणि तिच्या जागी जन्मठेप आली.

साता समुद्रापलीकडेही हीच धडपड चालली होती. माझी मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात असते. तिच्याकडे गेलो असताना तिने मला फिलाडेल्फियातला एक जुना तुरुंग दाखवला. 1829 साली तो सुरू झाला. 1971 पर्यंत तिथे कैदी होते. आता तिकीट काढून आत जायचे. क्वेकर पंथाच्या भल्या लोकांची कल्पना अशी की, गुन्हेगाराला एकट्याला कोठडीत ठेवावे, हाती काम आणि धर्मग्रंथ द्यावा, म्हणजे एकांतात त्याला पश्चात्ताप होईल. त्यांनी तुरुंगाला जे नाव दिले त्याचा अर्थच प्रायश्चित्ताचे घर. प्रत्येक कोठडीच्या छतात उजेडासाठी एक छोटा झरोका, जणू देवाचा डोळा. बाहेर न्यायचे झाले तर कैद्याच्या डोक्यावर बुरखा, म्हणजे त्याने कुणाला पाहू नये आणि कुणी त्याला पाहू नये. 1842 साली चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि हादरून परतला. देहाच्या कुठल्याही छळापेक्षा मनाचा हा संथ छळ वाईट, असे त्याने लिहून ठेवले. हेतू चांगला होता, पण माणसाला माणसांत राहायला शिकवायचे तर त्याला माणसांतून उठवून कसे चालेल?

या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर आपल्याच मुलखात दिले गेले, याचा मला अभिमान वाटतो. 1939 साली औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या माळावर, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन नावाच्या, पोलंडमध्ये जन्मलेल्या एका इंजिनियरच्या सल्ल्याने एक वसाहत वसवली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तुरुंगाचे नाव स्वतंत्रपूर! तिला तट नाही, गजही नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे शेती करीत, आणि त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ राहत. याच वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि 1957 साली व्ही. शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मीही जालन्याला जाऊन दोनदा पाहिला, दोन्ही वेळा डोळे पुसले, आणि बैलगाडीतून परतताना मित्रांना माणुसकीवर व्याख्यान दिले.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो.

1953 सालच्या पावसाळ्यात बांधावरून तंटा झाला. आमच्या गड्याचे स्वतःचे दीड-दोन एकर रान होते. शेजाऱ्याने बांध कोरला, असे त्याचे म्हणणे. आधी शिवीगाळ झाली, मग धक्काबुक्की, आणि हातात कुऱ्हाड होती. शेजारी जागीच गेला. मागे बायको आणि तीन वर्षांचा मुलगा राहिला. गडी पळाला नाही. बांधावरच बसून राहिला, आणि पोलीस आले तेव्हा उठला. त्याला जन्मठेप झाली. मी दहा वर्षांचा होतो. त्यानंतर कित्येक दिवस मला कुणी बारवेवर जाऊ दिले नाही.

तो परत आला 1966 साली, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न होऊन वर्ष झाले होते. ओसरीवर आकाशकंदील बांधीत होतो. दारात एक वाळलेला, केस पांढरे झालेला माणूस उभा राहिला. काखेत एक वळकटी होती.

"धाकले मालक, वळखलं का?"

मी ओळखले, आवाजावरूनच ओळखले. आणि मी शिडीवरून खाली उतरलो नाही.

त्याने वळकटी सोडली. आत एक सतरंजी होती, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. "येरवड्यात मागावर काम व्हतं. ही म्या इणलेली. मायसाठी आनली." माय म्हणजे माझी आजी. ती जाऊन सहा वर्षे झाली होती. मी तसे सांगितले. तो खाली बसला आणि बराच वेळ सतरंजीच्या दशा नीट करीत राहिला. मग म्हणाला, "सालानं ऱ्हायलो असतो पुन्हा. गोठ्यात पडीन. रान तर गेलं."

आतून माझी बायको डोकावून गेली. अंगणापलीकडे शेजारच्या बाया थबकल्या होत्या. मला व्याख्यान आठवले नाही, चित्रपट आठवला नाही. मी म्हणालो, "आता गडी आहे आमच्याकडे." हे खोटे होते. गडी पोळ्यालाच सोडून गेला होता, आणि गोठ्यात शेण तसेच पडून होते. त्याला ते दिसत होते. तो नुसते "बरं" म्हणाला.

तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांनी त्याला ओसरीवर घेतले. बायकोला हाक मारून फराळाचे आणायला सांगितले. ती दोन ताटल्या घेऊन आली. काकांनी त्यांतली पितळी त्याच्यापुढे सरकवली, उठून कोनाड्यातली आपली जर्मनची थाळी काढली आणि स्वतःचा चिवडा तिच्यात ओतून घेतला. दोघे मुकाट्याने खाऊ लागले. मी शिडीला टेकून उभा होतो. मला कुणी बस म्हटले नाही.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "काकाजी, तिच्या घरी जाऊन पायावर डोकं ठेवावं म्हन्तो."

काका म्हणाले, "नको. तुझं मन हलकं होईल, तिचं काय? शिक्षा तू भोगलीस, तशी तिनंही भोगली. तिला सूट मिळाली नाही, की रजा मिळाली नाही. तिच्या दारावरून रोज तू जायचंस, हे मी तिला सोसायला सांगणार नाही. पैठणला धरणाचं काम निघालंय. मी चिठ्ठी देतो."

काकांचे हे बोलणे मला पुढे फार वेळा आठवले. मी त्याला नाकारले ते लोक काय म्हणतील या भीतीने. काकांनीही त्याला गावात राहू दिले नाही, पण ते त्या बाईच्या काळजीने. दोन्हींचा परिणाम दिसायला एकच. तरी माझ्या नकारानंतर तो 'बरं' म्हणाला होता, आणि काकांच्या नकारानंतर त्याने त्यांचे पाय धरले. ज्याचा जीव गेला त्याच्या घराकडे पाठ फिरवून दाखवलेली माणुसकी खरी नव्हे. पण त्या घराचे नाव पुढे करून आपला भित्रेपणा झाकणे, हेही न्यायाचे नव्हे. ही दोन्ही गाठोडी उचलून जो चालेल त्यालाच सुटून आलेल्या माणसाला वाट दाखवता येते.

ती रात्र त्याने गोकुळेश्वराच्या देवळात काढली. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीच्या पहाटे, आम्ही उटणी लावून न्हात असताना, तो पहिल्या एस.टी.ने निघून गेला. सतरंजी ओसरीवरच राहिली.

पुढच्या दिवाळीत काकांच्या नावे दहा रुपयांची मनिऑर्डर आली. कुपनावर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लिहिले होते, 'ज्यांचे त्यांना द्यावे.' काका ते पैसे घेऊन त्या बाईकडे गेले. तिने दार लावून घेतले. दुसऱ्या वर्षी पुन्हा मनिऑर्डर आली, पुन्हा तेच. काका ते पैसे कोनाड्यात, त्या थाळीखाली ठेवू लागले. तिसऱ्या वर्षी तिने दार लावले नाही. चौकटीला धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला नगं. लेकराला बी नगं. देवळात दिव्याला तेल घाला त्याचं." याला क्षमा म्हणायचे की नाही, मला ठरवता येत नाही. पण तेव्हापासून दिवाळीत गोकुळेश्वराच्या गाभाऱ्यात एक समई पाचही दिवस अखंड जळू लागली. तेल कुणाचे, हे काका, ती बाई आणि मी, तिघांनाच ठाऊक होते. 1979 साली मनिऑर्डर आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी मला जवळ बोलावले आणि नुसते कोनाड्याकडे बोट दाखवले. त्या वर्षापासून तेल मी घालतो.

आणि ती सतरंजी? ती मोठी टिकाऊ निघाली. दिवाळीत पाहुणे आले की आम्ही ती ओसरीवर अंथरतो. वीण इतकी घट्ट आणि रंग इतके पक्के की कुणी ना कुणी विचारतेच, "कुठून आणली?" कितीतरी वर्षे मी उत्तर देत असे, "पुण्याहून." येरवडा पुण्यातच आहे, म्हणजे उत्तर खोटे नव्हते. पण ते खरेही नव्हते.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. तुरुंग खात्याच्या नावातच आज 'कारागृह व सुधारसेवा' असे शब्द आहेत. पैठणला खुले कारागृह आहे, आटपाडीची वसाहत अजून चालू आहे. कैद्याला घरच्यांना भेटता यावे म्हणून रजा मिळते. तिच्या एका प्रकाराचे सरकारी नाव 'अभिवचन रजा' असे आहे, म्हणजे परत येईन या शब्दावर दिलेली रजा. किती सुंदर नाव! येरवड्यात दिवाळीच्या सुमारास कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंची विक्री होते आणि लोक त्या हौसेने नेतात. मागे एकदा मीही गेलो होतो. एक बाई सतरंजीवरून हात फिरवीत कौतुकाने म्हणाल्या, "काय काम आहे हो यांच्या हातात!" मला म्हणावेसे वाटले, बाई, हे हात उद्या सुटून तुमच्या दारी आले तर? पण मी बोललो नाही. बोलायचा अधिकार मी शिडीवर उभा असतानाच गमावला होता.

सरकारने कायदे सुधारले, भिंती उतरवल्या, नावे बदलली. पण शिक्षेचा शेवटचा दिवस सरकारच्या हाती नसतो. तो गावातल्या एखाद्या ओसरीवर उजाडतो, नाहीतर उजाडतच नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाच्या मित्रांनी सतरंजीवर बसून फराळ केला. एकाने विचारले, "आजोबा, ही कुठली?" मी म्हणालो, "येरवड्याच्या तुरुंगातली. मला पोहायला शिकवणाऱ्या माणसानं विणलेली." मुले क्षणभर गप्प झाली. मग एकाने पट्ट्यांवरून बोट फिरवत विचारले, "ते आता कुठं असतात?"

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. शिडीवरची सुद्धा.